चिंधीची टोपली आणि दिवाळीची उचल

(मिशनच्या वार्षिक हितचिंतक मेळाव्यात महिला विभागाच्या कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे. – संपादक)



महिला विभागाचा वर्षाचा अहवाल छापून तुमच्या हातात दिलेला आहे. शिवणवर्ग, बचतगट, आरोग्य शिबिरं, सगळं त्यात आहे, म्हणून ते मी वाचून दाखवत नाही. मला मिळालेल्या वीस-पंचवीस मिनिटांत मी एकाच कामाबद्दल बोलणार आहे. बाहेर व्हरांड्यात टेबलावर तुम्ही ते येताना पाहिलंच असेल. टोपल्या, बसकरं, पायपुसणी, गरम भांड्याखाली ठेवायच्या चकत्या, कुंड्या टांगायची शिंकी. काहींनी हातात घेऊन पाहिलं आणि "अरे वा, चिंध्यांपासून केलंय?" असं म्हणून परत ठेवलं, तेही मी पाहिलं. राग नाही. पण चिंधी आणि टोपली यांच्यामध्ये काय काय घडतं, ते आज सांगते.

आधी चिंधी कुठून येते ते. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कापडाचा कचरा होत नाही. इथे लुगडं फाटलं की त्याची गोधडी होते, गोधडी विरली की पोतेरं होतं, आणि पोतेरं संपेपर्यंत वापरलं जातं. कचरा होतो तो खाली, भिवंडीत आणि मुंबईच्या आसपास कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत. बनियन-टीशर्टचं कापड बेतताना कडेच्या लांब पट्ट्या निघतात. मागावर कापड विणताना दोन्ही कडांनी झिरमिळ्यांची किनार कापली जाते. हा माल फुकट मिळतो असा बऱ्याच जणांचा समज आहे. फुकट काहीच मिळत नाही. गॅरेजमध्ये यंत्रं पुसायला हीच कात्रणं जातात, पानिपतला जुन्या कापडाचे तंतू मोकळे करून त्यांचं पुन्हा सूत काढतात, तिकडेही माल जातो. त्यामुळे कात्रणांचा व्यापारी किलोवर तोलून पैसे घेतो आणि आपल्यासाठी गोणी फोडून निवडून देत नाही. गोणीत जे निघेल ते आपलं.

गोणी उघडली की पहिलं काम नाकाला फडकं बांधायचं. तेलाचा वास असतो, तंतूंची धूळ असते, कधी मोडकी सुई निघते. मग निवड. ही निवड डोळ्यांनी होत नाही, कारण सुती आणि पॉलिएस्टर आजकाल दिसायला सारखेच असतात. आमच्या बायका चुलीतला निखारा घेतात आणि पट्टीचं टोक त्याला लावतात. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी धरतो. ही परीक्षा हौसेची नाही. गरम भांड्याखालची चकती शंभर टक्के सुतीच लागते. त्यात मिश्र कापडाची एक पट्टी जरी गेली तरी कढईबरोबर ती चिकटून वर येईल. बाहेरच्या टेबलावर पांढऱ्या दोऱ्याचा काठ असलेल्या चकत्या भांड्यांसाठी आहेत, बाकीच्या नाहीत. तेवढं घेताना बघून घ्या.

निवडलेलं धुवायचं, वाळवायचं, मग पट्ट्या कापायच्या. बनियनचं कापड आडवं कापून ओढलं की पट्टी आपोआप आत वळते आणि गोल दोरीसारखी होते. तिचे धागे सुटत नाहीत. साध्या विणीचं कापड मात्र तिरकं कापावं लागतं, नाहीतर चार दिवसांत कडा विसकटतात. दोन पट्ट्या जोडताना गाठ मारायची नाही, कारण गाठ बसकराखाली टोचते. दोन्ही टोकांना बारीक चीर द्यायची आणि एकीतून दुसरी ओवून घ्यायची. गोळे होतात आणि मग कुठे क्रोशाची आकडी हातात येते. ती लेस विणायच्या सुईसारखी बारीक नसते, बोटाएवढी जाड लागते. बाजारातली महाग पडते म्हणून पाड्यावरच्या एका आजोबांनी बांबूच्या तासून दिल्या. काचकागद मारून, तेल चोळून त्या इतक्या गुळगुळीत झाल्यात की आता विकतची कोणी मागत नाही.

साखळी, मुका खांब, खांब. एवढ्या तीन टाक्यांवर सगळा माल होतो. आमच्या सिस्टरांनी बायकांना पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा पहिली वस्तू कुठली करायची हा प्रश्न होता. सिस्टरांच्या मनात टेबलावरचा रुमाल होता. पण ज्यांच्या घरात टेबल नाही त्यांनी तो किती मोठा करायचा, हे कशावरून ठरवायचं? एका मावशींनी चिंध्यांची पट्टी गोल गोल फिरवली आणि म्हणाल्या, ही तर चुंबळ. डोक्यावर हंडा ठेवायला चिंधीची चुंबळ प्रत्येकीने लहानपणापासून केलेली. तीच त्यांनी आकडीने बांधून घेतली. आज शहरात जी चकती तुम्ही कुकरखाली ठेवता ती मुळात ती चुंबळ आहे. शिंक्याचंही तसंच. मांजरापासून दूध वाचवायला आढ्याला टांगलेलं शिंकं आता तुमच्या बाल्कनीत मनीप्लांट धरून आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण प्रदर्शनात हमखास विचारतात की, "ही तुमची पारंपरिक आदिवासी कला का?" नाही. वारल्यांची चित्रकला त्यांची आहे, तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची आहे. बांबूकाम इथलं आहे. क्रोशा बाहेरून आला. टोपलीवर वारली चित्राची चिठ्ठी लावली तर ती जास्त खपेल, असं दोघा-तिघांनी सुचवलं. खपेलही. पण जे आपलं नाही ते आपलं म्हणून विकायचं, हे बायकांनाच पटलं नाही. चांगली विणलेली टोपली चांगली म्हणून विकली जावी.

क्रोशा बाहेरून कसा आला, हे जरा सांगते, कारण त्यात आपल्यासारख्या मिशनांचा हात आहे आणि त्यातलं सगळंच अभिमानाचं नाही.

1845 नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकाला रोग पडून भीषण दुष्काळ पडला. तेव्हा तिथल्या मठांतल्या सिस्टरांनी आणि इतर स्त्रियांनी उपाशी घरांतल्या मुली-बायकांना क्रोशाची लेस शिकवली. ती लेस विकून कितीतरी घरं तगली. आपल्या देशात त्याच्याही आधी, 1820च्या दशकात, दक्षिण त्रावणकोरात नागरकोइलला मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी मुलींच्या शाळेत लेसचं काम सुरू केलं. ती क्रोशाची नव्हती, उशीवर टाचण्या टोचून दोऱ्यांच्या फिरक्या गुंफायची लेस होती. त्या शाळेत गुलाम घरांतल्या मुलीही होत्या, आणि त्यांच्यातल्या काहींनी लेसच्या कमाईतून स्वतःची सुटका विकत घेतली. दोऱ्याच्या कामाने माणूस मोकळं होऊ शकतं, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी बाजू आहे ती आंध्रात, गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूरची. गोदावरीकाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एका स्कॉटिश मिशनरी जोडप्याने क्रोशाची लेस शिकवली. गरीब ख्रिस्ती बायकांपासून सुरू झालेलं काम पुढे इतर जातींच्या घराघरांत पसरलं आणि मिशनच्या हातून व्यापाऱ्यांच्या हातात गेलं. नरसापूरची लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथे राहून या बायकांच्या कामाचा अभ्यास केला आणि 1982 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना काय दिसलं? बायका रोज सहा-सहा, आठ-आठ तास विणत होत्या आणि मिळकत शेतमजुरीच्या किमान दराच्या आसपासही पोचत नव्हती. का? कारण व्यापारी, सरकारी कागद, घरचे पुरुष आणि पुष्कळदा त्या बायका स्वतःही असंच म्हणत होत्या की, ह्या गृहिणी आहेत, रिकाम्या वेळात विणतात. एकदा वेळ रिकामा ठरला की त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. शिवाय एकीने फक्त फुलं करायची, दुसरीने फक्त जोडायची. पुरा नग कितीला विकला जातो हे विणणाऱ्या बाईला कधी कळतच नव्हतं.

नरसापूरच्या लेसला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे. त्या मानांकनाने नाव जपलं जाईल. विणणारीला तासाला काय मिळावं, हे मात्र त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

आणि हे फक्त लेसचं नाही. थेट चिंध्यांचं उदाहरण हवं असेल तर अहमदाबादला जा. गिरण्यांतली चिंधी घेऊन तिथल्या दरियापूर भागातल्या बायका घरात बसून गोधड्यांच्या खोळी शिवायच्या. 'सेवा' या संघटनेने, म्हणजे इला भट्ट यांनी 1972 साली सुरू केलेल्या संघटनेने, सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांना एकत्र केलं. त्यांनी दर वाढवून मागितला. व्यापाऱ्यांनी वाढवला आणि मग ज्यांनी मागितला होता त्यांना चिंधी देणंच बंद केलं. बायकांनी थेट गिरण्यांकडून चिंधी मिळवायची खटपट केली, स्वतःचं दुकान काढलं आणि 'सबीना' नावाची सहकारी मंडळी उभी केली. घरी बसून काम करणाऱ्यांना कामगार म्हणा, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार 1996 साली झाला. 177 क्रमांकाचा. भारताने त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

आता आपल्या व्हरांड्यात परत येते.

मधल्या आकाराची एक टोपली घ्या. निवडणं, धुणं, कापणं यांत तिच्या वाट्याला दीड तास येतो असं धरू. विणायला पाच. म्हणजे साडेसहा तास. या साडेसहा तासांची किंमत काय लावायची? आम्ही खूप डोकं लढवलं नाही. रोजगार हमीवर माती उचलणाऱ्या बाईला महाराष्ट्रात 2024-25 साली दिवसाला 297 रुपये ठरलेले होते. आठ तासांनी भागलं तर तासाला 37 रुपये. त्याहून कमी का घ्यायचं? माती उचलण्यापेक्षा टोपली विणणं हलकं आहे म्हणून? ज्यांनी जाड पट्टी दिवसभर आकडीने ओढून पाहिली नाही त्यांनाच ते हलकं वाटेल. मनगट आणि अंगठा संध्याकाळी इतका दुखतो की भाकरी थापवत नाही. म्हणून आमचा नियम आहे, दिवसाला चार तासांच्या वर विणायचं नाही.

तर साडेसात-आठ नव्हे, साडेसहा तास, दर 37, झाले 240 रुपये. कात्रणं, साबण, गाडीभाडं, खराब निघालेला माल मिळून 60 धरा. 300. ही आहे बाहेरच्या टोपलीची किंमत. त्यात मिशनचा एक रुपया नाही. हीच टोपली शहरातल्या दुकानात ठेवली तर दुकानदार आपला वाटा चढवतो आणि ती पाचशेला जाते. तो त्याचं भाडं भरतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाचशेची टोपली फार कमी लोक घेतात आणि तीनशेचीसुद्धा "अहो, चिंध्यांचीच तर आहे" म्हणून दोनशेला मागतात. दोनशेला दिली तर काय कमी होतं ते बघा. कात्रणवाला कमी घेत नाही. एसटी कमी घेत नाही. कमी होतो तो फक्त बाईचा तास.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एक व्यापारी आला होता. त्याला कंपन्यांच्या दिवाळी भेटींसाठी माल हवा होता. आकडा एवढा मोठा की आमच्या सगळ्या बायका मिळून दोन महिने विणत राहिल्या असत्या. दर मात्र असा की तासांनी भागल्यावर रोजगार हमीच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. यावर पाड्यावर तीन बैठका झाल्या. मी दोनदा बसले, बोलले नाही. तरुण मुली म्हणत होत्या, घेऊ या, काहीच नसण्यापेक्षा बरं, पुढच्या वर्षी दर वाढवून मागू. मोठ्या बायका म्हणत होत्या, यंदा या दराने दिलं की पुढच्या वर्षी हाच दर जुना दर होईल, आणि जुन्या दरावरून कोणी वर येत नाही. एकीने विचारलं, तो आपली टोपली कितीला विकणार? कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी त्याला आपला दर सांगून पाठवला. तो परत आला नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती टाळ्यांसाठी सांगितली असती. पण पुढे दिवाळी आली. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे वीटभट्टीवाल्यांची माणसं फिरतात, हे तुमच्यापैकी जुन्या मंडळींना माहीत आहे. भात झोडून झालेलं असतं, नागली-वरई घरात आलेली असते, पण रोख पैसा नसतो. आणि सण दारात. तो माणूस जोडीच्या हातावर उचल ठेवतो. मग जोडपं पोरांसकट भिवंडी-वसईकडे भट्टीवर जातं, मे महिन्यापर्यंत विटा पाडून ती उचल फेडतं, पोरांची शाळा बुडते. पुष्कळदा पावसाळ्याच्या तोंडाला परत येताना हिशेबात काहीतरी बाकीच निघते. उचलीपोटी माणूस बांधून ठेवणं 1976च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा आहे, उचलही आहे. गेल्या दिवाळीत आमच्या विणणाऱ्यांपैकी काही बायका गेल्या. त्यांत ती बाईही गेली जिने टोपली कितीला विकणार असं विचारलं होतं.

बैठकीत तिचं बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. आणि भट्टीवर गेली तेही मी चूक म्हणणार नाही. भट्टीवाला मजुरी जास्त देतो म्हणून माणसं जात नाहीत. तो पैसे आधी देतो म्हणून जातात. आपण टोपली विकली गेल्यावर पैसे देत होतो. श्रावणात विणलेली टोपली नाताळच्या विक्रीत जाते आणि पैसा जानेवारीत हातात येतो. दिवाळीला तिच्या हातात काय असतं? वहीतला एक आकडा.

मग आपणही आधी पैसे द्यावेत, असा सोपा विचार आला. तो बैठकीत मांडला तेव्हा एका आजींनी विचारलं, "बाई, मग तुमची उचल आन भट्टीवाल्याची उचल यात फरक काय? मी आजारी पडले, विणलं नाही, तर माझ्या नावावर बाकी ठेवणार ना?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कामाआधी दिलेला पैसा घेणारीला बांधतो, देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी.

शेवटी जे ठरलं ते असं. बाईला उचल नाही. पण दर शनिवारी तिने पुरा केलेला नग केंद्रावर आणायचा, दोघींनी तपासायचा, आणि त्याच दिवशी रोख पैसे घेऊन घरी जायचं. विकला जाईल तेव्हा जाईल. तो वाट बघण्याचा भार केंद्राने घ्यायचा, तिने नाही. आवणी संपल्यापासून भातकापणीपर्यंत, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरचे नऊ आठवडे, आमच्याकडे शेतात कामही कमी असतं आणि घरात धान्यही कमी असतं. त्या दिवसांत रोज चार तास, आठवड्याला सहा दिवस विणलं तर चोपन्न दिवस होतात. दिवसाचे 148 रुपये. सुमारे 8,000. दिवाळीला एवढे पैसे घरात असले तर भट्टीवाल्याला दारातूनच परत पाठवता येईल का? सगळ्यांना नाही येणार. ज्याच्या घरात आजारपणाचं कर्ज आहे त्याला तर नाहीच. पण नवरा एकटा कामाला गेला आणि बाई पोरांना घेऊन मागे राहिली, एवढं तरी काही घरांत होईल. पोरांच्या शाळेच्या दृष्टीने तेवढ्याने फार फरक पडतो, हे आश्रमशाळेचे गुरुजी इथे बसलेत, ते सांगतील.

आता या व्यवस्थेला पैसा लागतो, आणि तो शनिवारी लागतो. म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. देणगी तुम्ही देताच, त्याबद्दल मिशन ऋणी आहे. आज मी देणगी मागत नाही. दिवाळी-नाताळला घरी, ऑफिसात, चर्चमध्ये जे भेट म्हणून द्याल त्याची मागणी जुलैअखेर आमच्याकडे नोंदवा आणि अर्धे पैसे तेव्हाच द्या. तुमची ती आगाऊ रक्कम केंद्राला बांधील, बाईला नाही. माल वेळेत झाला नाही तर केंद्र पैसे परत करेल. मागणी नोंदवताना रंग असाच हवा असा हट्ट धरू नका, गोणीत जो निघतो तोच रंग. दोन टोपल्या सारख्या दिसणार नाहीत. मापं मात्र सारखी मिळतील, ती जबाबदारी आमची.

दुसरं मागणं लहान आहे. पुष्कळ जण प्रेमाने जुने कपडे पाठवतात. सुती टीशर्ट, धोतरं, सुती साड्या, चादरी, हे सगळं धुऊन पाठवा, त्याचं सोनं होतं. जीन्स नको, तिची पट्टी आकडीला वळत नाही. नायलॉनच्या साड्या नकोत. आणि हुक लावलेले, जरीचे लग्नातले ब्लाउज कृपा करून पाठवू नका. गेल्या वर्षी एका पोत्यात असे पंधरा-वीस निघाले. बायकांनी ते एकमेकींच्या अंगाला लावून बघितले, मनसोक्त हसल्या, आणि अर्धा दिवस गेला. तो अर्धा दिवस कोणाच्या खात्यावर घालायचा ते अजून ठरलेलं नाही.

कापडाचा कचरा कमी होऊन पृथ्वी वाचते, असं मी म्हणाले नाही, हे काहींच्या लक्षात आलं असेल. भिवंडीतून एका दिवसात जेवढी कात्रणं निघत असतील त्यापुढे आमच्या गोण्या म्हणजे चिमूटभर. जे थोडं वाचतं ते वाचतं.

विणणाऱ्यांपैकी दोघी आज आपल्यासोबत आल्या आहेत, मागच्या रांगेत बसल्या आहेत. जेवणानंतर त्या टेबलापाशी असतील. ज्यांना मुका खांब शिकायचाय त्यांना दाखवतील, दोन जादा आकड्या आणल्या आहेत. मात्र पाचची एसटी चुकली तर त्यांना पाड्यावर जायला गाडी नाही, म्हणून साडेचारला आम्ही टेबल आवरणार. प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर किंमत आहे आणि तिच्याखाली तासही लिहिले आहेत. हिशेबाची वही टेबलावर उघडीच ठेवली आहे, जुलैच्या मागण्यांसाठी शेवटची पानं कोरी सोडली आहेत.